हातवारे बाई

मला सगळे संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. शिवणकाम करणाऱ्या बाईनं संशयी असायलाच हवं, नाहीतर धंदा बुडाला म्हणून समजा. गिऱ्हाईक म्हणतं, "कंबर आहे तेवढीच आहे हो, मागचंच माप घाला." मी टेप काढते. टेप खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, आणि फिटिंग बिघडलं की बोलणी मी खाते.

तर हातवारे बाईंविषयी सांगायचं आहे, आणि सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवते. माझा संशय खरा निघाला. बाई काहीतरी लपवत होत्या. काय लपवत होत्या याचा अंदाज मात्र माझा साफ चुकला.

या बाईंशी माझा संबंध आला तो धाकटीमुळे. धाकटी म्हणजे माझी बहीण. आई गेली तेव्हा ती फ्रॉकात होती, मीच तिला लहानाची मोठी केली. ती दवाखान्यात आयाचं काम करते. चादरी बदलायच्या, बेडपॅन उचलायचे, रडणाऱ्या म्हाताऱ्यांना कुरवाळायचं. तिला नर्स व्हायचं होतं, हे एकच वेड. नर्सिंगला प्रवेश घ्यायचा तर शाळेची शेवटची परीक्षा पास हवी. तिचे बाकीचे सगळे विषय सुटले होते आणि इंग्रजी मात्र मानगुटीवर बसलं होतं. दोनदा आपटली. वर प्रवेशाला वयाची अट, आणि ती यंदा संपत होती. यंदा इंग्रजी सुटलं तर नर्स, नाहीतर जन्मभर बेडपॅन. इतकं सरळ होतं ते.

तिचं घोडं अडायचं एकाच प्रश्नावर. एक वाक्य द्यायचं आणि त्यात बोलण्याची कुठली तऱ्हा आहे ते ओळखायला सांगायचं. सिमिली की मेटाफर, आयरनी की हायपरबोली, आणि का ते लिहा. धाकटी ही नावं औषधांच्या नावांसारखी पाठ करायची, आणि ऐन वेळी एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची.

"ताई, मला व्याख्या येतात गं," ती रडकुंडीला येऊन म्हणायची, "पण वाक्य समोर आलं की सगळी सारखीच दिसतात."

कुणीतरी तिला संध्याकाळच्या वर्गाचं सांगितलं. कामकरी लोकांसाठी एक मंडळ तो चालवायचं. जागा म्हणजे पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या कारखान्यावरची खोली. मी म्हटलं, आधी मी बघणार. दिवस मावळताना तरुण मुलगी अनोळखी जिना चढणार आणि मी घरी हातावर हात ठेवून बसणार, हे व्हायचं नाही. शिवायची बटणं पिशवीत टाकली आणि तिच्याबरोबर निघाले.

देवा रे, काय तो आवाज! खाली दहा-बारा माणसं पत्र्यावर हातोडे घालत होती. ठण ठण ठणाठण. जिन्याचा कठडा थरथरत होता, वर फळ्याच्या चौकटीतली काच थरथरत होती. बाकांवर एक ट्रकवाला, हॉटेलात भांडी घासणाऱ्या दोघीजणी, एक रखवालदार, एक न्हावी, अशी सगळी थोराड मंडळी शाळकरी पोरांसारखी दाटीवाटीनं बसली होती. आणि समोर बाई. उंच, काटकुळी, मनगटावर पुरुषी घड्याळ, केस घट्ट मागे बांधलेले. इतक्या गोंगाटात ही बाई कशी शिकवणार म्हणून मी कान टवकारले. तर बाई बोलतच नव्हत्या! म्हणजे बोलायच्या अगदी थोडं, फळ्यावर वाक्य लिहायच्या आणि बाकी सगळं हातांनी.

दोन तर्जन्या शेजारी शेजारी धरल्या. ही सिमिली. दोन वस्तू, एकीसारखी दुसरी, पण दोघी आपापल्या जागी. मग एक बोट दुसऱ्यावर दाबून बसवलं, दोन्ही मिळून एकच दिसावं असं. हा मेटाफर. "सारखी" वगैरे काही नाही, ही तीच. चिमटीत काहीतरी इवलंसं धरल्यासारखं करून दोन्ही हात लांब ताणले, मी इलास्टिक ताणते तसे. ही हायपरबोली, राईचा पर्वत. तळहात वर धरून झटकन उलटा केला. ही आयरनी, तोंडानं सुलट आणि पोटात उलट. मूठ वळून तिच्यावर दुसऱ्या हाताचं पांघरूण घातलं. हा युफेमिझम, टोचणाऱ्या गोष्टीवर मऊ शब्द टाकणं. दोन्ही तळहात विचारल्यासारखे वर केले आणि लगेच मिटून घेतले. हा रेटॉरिकल क्वेश्चन. प्रश्न तर विचारला, पण उत्तर नकोय.

बाई वाक्य लिहायच्या आणि सगळा वर्ग एकदम हात करायचा. बाई एकेका हाताकडे बघत मान डोलवायच्या, चुकलेल्याजवळ जाऊन त्याचा हात आपल्या हातानं नीट करायच्या. ट्रकवाला आयरनीसाठी पंजा उलटा करायचा तो असा, की शेजारच्या न्हाव्याला बसायचा.

म्हणून नाव पडलं हातवारे बाई.

धाकटी घरी येताना नुसती उडत होती. "ताई, कळलं! अगं, पहिल्यांदा कळलं!"

मी म्हटलं, "कळलं ना? मग ठीक." पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. शिकवणारी बाई, आणि बोलत नाही? आवाज पोचत नाही म्हणून, असं धाकटीचं म्हणणं. मग ओरडावं की! शिकवणाऱ्यांना ओरडायचा काय कंटाळा असतो? आमच्या शाळेत तर दुसरं काही येतच नव्हतं त्यांना.

मी रोज जायला लागले. मागच्या स्टुलावर बसायचं, काजं करायची, बटणं लावायची आणि बाईंवर नजर ठेवायची. आणि नजर ठेवली की दिसतंच. बाई नेहमी भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या, तोंड दाराकडे. दाराकडे पाठ करून त्या उभ्या राहिल्याचं मी कधी पाहिलं नाही. असं कोण करतं? ज्याला कुणी मागून येईल याची धास्ती असते तोच. शिवाय कुणी बोलायला लागलं की बाई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. डोळ्यांत नाही, तोंडाकडे. माझा एक दात पुढे आहे. मला वाटलं, दात बघतेय माझा. मी ओठ मिटून बोलायला लागले, तर बाई आणखीच जवळ येऊन बघायच्या!

एकदा तर कहरच झाला. जिन्यात बाई माझ्या पुढे होत्या आणि त्यांचा रुमाल पडला. मी हाक मारली, "अहो बाई!" कारखाना तेव्हा सुटला होता, हातोडे बंद. पुन्हा हाक मारली, जोरात. मागे वळून बघितलं असेल तर शपथ! सरळ उतरून निघून गेल्या. रुमाल हातात घेऊन मी तिथेच उभी. एवढा कसला तोरा? शिवणवालीनं हाक मारली म्हणून ओ द्यायची नाही?

"काहीतरी पाणी मुरतंय," मी धाकटीला म्हटलं.

"तुला सगळीकडेच पाणी मुरताना दिसतं."

"आणि एक दिवस भिंत पडली की म्हणशील, ताई म्हणत होती खरी."

मग बाई माझ्याकडे जाकीट शिवायला आल्या. मी मागे उभी राहून पाठीचं माप घेत होते. तोंडात टाचण्या, शिवणाऱ्या बाईच्या तोंडात असतातच. टाचण्या दातांत धरूनच मी विचारलं, "बाह्या लांब ठेवू की मनगटापर्यंत?"

बाई म्हणाल्या, "हो ना, यंदा थंडी जरा जास्तच आहे."

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "घाई नाही, सावकाश द्या." माझं डोकंच सणकलं. ही बाई माझी टर उडवतेय. मी बाह्या माझ्या मनानं ठेवल्या आणि मुद्दाम बोटभर लांब ठेवल्या. बाईंनी जाकीट घातलं, बाह्या दुमडल्या आणि हसून म्हणाल्या, "छान झालंय." मला आणखीच राग आला.

त्या रात्री मला एकदम उलगडा झाला, म्हणजे तसं वाटलं. जेवता जेवता मी घास खाली ठेवला. "धाकटे, ही बाई तुम्हाला कॉपी करायला शिकवतेय. या खुणा परीक्षेसाठीच आहेत! एकानं ओळखायचं, हात करायचा, बाकीच्यांनी उतरवायचं."

धाकटी इतकी चिडली की ताटावरून उठली. "आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी शिकवतंय आणि तू त्यात किडे शोधतेस!" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण संशयाला काय औषध असतं?

आणि एक सांगते, हसू नका. मला स्वतःलाच ते हात यायला लागले होते. मुद्दाम नाही शिकले. सुई हातात असायची, समोर रोज तेच चालायचं, आणि बोटं काय ऐकतात थोडीच! दुकानात गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, तुमच्या हातात जादू आहे," की माझं एक बोट दुसऱ्यावर जाऊन बसायचं. "उद्या नक्की पैसे देते," म्हणालं की तळहात उलटा. एका बाईनं आपल्या सुनेबद्दल सांगितलं, "जरा मोकळ्या स्वभावाची आहे," आणि मी टेबलाखाली मूठ झाकली.

परीक्षा झाली. धाकटी हसत बाहेर आली. "ताई, सगळं आलं!" मी देवासमोर दिवा लावला. चार दिवस मीसुद्धा संशय बाजूला ठेवला होता.

मग निकाल लागला आणि वर्गातल्या एकाचाही निकाल नाही. राखून ठेवलेला. परीक्षा हॉलमधल्या पर्यवेक्षकानं वर कळवलं होतं की या वर्गाचे परीक्षार्थी इंग्रजीच्या पेपरात एकमेकांना खुणा करत होते. तो प्रश्न आला आणि सगळे एकदम हात हलवायला लागले.

बिचारे दुसरं काय करणार? वाक्य वाचलं की हात व्हायचाच, माझा नव्हता का होत? परीक्षेत हात आवरा, हे त्यांना सांगायचं बाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. पोहायला शिकवताना हात मारू नका म्हणून कोण सांगतं?

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. प्रवेशाची मुदत संपत आली होती. कॉपीचा ठपका बसला तर पुढच्या परीक्षेलाही बंदी, आणि पुढच्या वर्षी वय उलटलेलं. ती खुर्चीत बसून नुसती हातांकडे बघत राहिली. मला म्हणाली, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

ते लागलं मला. अगदी आत लागलं. मी संशय घेतला होता खरा, पण तो घरचा संशय होता. परक्यानं माझ्या बहिणीला चोर म्हणायचं म्हणजे काय?

चौकशीला सगळ्यांना परीक्षा कार्यालयात बोलावलं. मीही गेले. दारावरचा शिपाई म्हणाला, "फक्त परीक्षार्थी." मी म्हटलं, "मी तिची आई आहे." खोटंही नव्हतं ते.

लांबट खोली, भिंतीला लोखंडी कपाटं. वर्गातली मंडळी एका ओळीत बसलेली, मी टोकाला. आमच्यासमोर, आमच्याकडे तोंड करून, खुर्चीवर बाई. आणि चौकशीवाल्या मॅडम. जाड चष्मा, आवाज करवतीसारखा. त्यांचंही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि याचाच मला जास्त राग येत होता.

मॅडमनी धाकटीला पुढे बोलावलं. "हात टेबलावर ठेव. सपाट. हलवायचे नाहीत." आणि एक वाक्य वाचलं.

धाकटीनं तोंड उघडलं, मिटलं. हात टेबलाला खिळल्यासारखे, आणि त्यांच्याबरोबर डोकंही खिळलेलं. दुसरं वाक्य. तेही नाही. तिसऱ्याला तिनं सिमिलीला मेटाफर म्हटलं, पुन्हा गोळ्यांची अदलाबदल. तिच्या डोळ्यांतून पाणी टपकायला लागलं. ते पुसायला तिनं हात उचलला, तर मॅडम ओरडल्या, "हात खाली!"

मी उठणार होते. मला ट्रकवाल्यानं दाबून बसवलं.

"बघितलंत?" मॅडम बाईंना म्हणाल्या. "हात बांधले की हिला काही येत नाही. म्हणजे परीक्षेत हिला दुसरं कुणीतरी सांगत होतं."

बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "मॅडम, कुणी सांगत नव्हतं. ते हात तिचे स्वतःचे होते. तिचा विचार हातातून निघतो, मीच तसं शिकवलंय," त्या म्हणाल्या. "हवं तर..."

पण मॅडमनी ऐकून घेतलं नाही. त्या उठल्या, बाईंच्या मागच्या कपाटाकडे गेल्या, कपाट उघडलं, आणि आमच्याकडे पाठ करूनच कडाडल्या, "आम्ही काय इथे डोळे मिटून बसतो?"

आणि काय सांगू! अख्ख्या ओळीचे तळहात वर झाले आणि पटकन मिटले. ट्रकवाल्याचे, न्हाव्याचे, भांडीवाल्या दोघींचे, रखवालदाराचे. रडता रडता धाकटीचे. आणि माझे! संपलं, मी म्हटलं, चोरी करता करता मुद्देमालासकट सापडलो.

बाईंनी आमचे हात पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर, इतक्या संकटातही, वर्गातलं ते हसू आलं. त्यांनी मान डोलवली. "बरोबर," त्या म्हणाल्या. "शाब्बास."

मॅडम गर्रकन वळल्या. "काय बरोबर?"

बाई आमच्याकडेच बघत राहिल्या.

"मी तुम्हाला विचारतेय! काय बरोबर?"

बाई गप्प. खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं. आणि त्या शांततेत माझ्या डोक्यात एकेक टाका उसवत गेला. जिन्यातली हाक. भिंतीला पाठ. तोंडाकडे बघणं. टाचण्या दातांत धरून विचारलेल्या बाह्या. अगं बाई! म्हणजे ही...

माझा चेहरा बदललेला बाईंनी पाहिला असणार. त्यांनी मागे वळून बघितलं, तर मॅडम अगदी जवळ उभ्या.

"मी आत्ता काय म्हणाले?" मॅडमनी विचारलं. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

बाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. त्या काहीतरी ठोकून देऊ शकल्या असत्या. इतकी वर्षं दिलंच होतं. त्यांनी एकदा धाकटीकडे बघितलं. तिच्या गालावर ओघळ तसेच होते, हात अजून अर्धवट मिटलेले.

"तुम्ही प्रश्न विचारलात," बाई सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्हाला उत्तर नको होतं. यांच्या हातांवरून मला एवढंच कळलं. शब्द नाही कळले. मला ऐकू येत नाही, मॅडम. मुळीच येत नाही."

ट्रकवाल्याचं तोंड उघडंच राहिलं.

"या खुणा परीक्षेसाठी केल्या नव्हत्या," बाई म्हणाल्या. "माझ्यासाठी केल्या. मुलं तोंडानं उत्तर देतात ते मला पोचत नाही. हातानं दिलेलं पोचतं. सगळ्यांना वाटलं, कारखान्याच्या आवाजामुळे. मी वाटू दिलं."

मॅडम खुर्चीत बसल्या. चष्मा काढून पुसला. मग पहिल्यांदाच माणसासारख्या आवाजात धाकटीला म्हणाल्या, "भिंतीकडे तोंड करून बस. कुणी दिसत नाही ना? आता हात मोकळे ठेव." आणि पुस्तकातून वाक्यं वाचायला लागल्या.

धाकटीचे हात मांडीवर हलायचे आणि तोंडातून नाव यायचं, पाठोपाठ कारण. एक. आणखी एक. एकही गोळी चुकली नाही. मॅडम मुद्दाम अवघड वाक्यं शोधत होत्या, हे मला कळत होतं. मी असते तर तेच केलं असतं. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं आणि एकेकाला तसंच भिंतीकडे बसवलं.

निकाल सुटला. धाकटी पास झाली आणि मुदतीच्या आत तिचा प्रवेश झाला. न्हावी तेवढा आपटला, पण तो म्हणतो, माझ्या कलागुणांना परीक्षा पुरी पडत नाही. हायपरबोली.

बाईंचं काय झालं तेही सांगते. बातमी मंडळापर्यंत जायला कितीसा वेळ! एका संध्याकाळी मंडळाचे चिटणीस जिना चढून वर आले. घसा खाकरून सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंनी फार केलं. आता मंडळानं बाईंना विश्रांती द्यायचं ठरवलंय."

सगळ्या वर्गानं एकदम मुठी वळल्या आणि त्यांच्यावर दुसरा हात ठेवला. चिटणीस बावचळून बघत राहिले. "हे काय? हे काय करताय सगळे?" त्यांना कुणी सांगितलं नाही. बाईंनी वर्गाचे हात पाहिले आणि फळा पुसायला लागल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच.

मग मी काय करणार? दुकानामागची खोली रिकामी केली. चिंध्यांची पोती उचलली, एक जुना फळा पैदा केला आणि बाईंना समोर उभं करून, ओठ नीट हलवत, दात दिसला तर दिसला म्हणत, बजावलं, "वर्ग इथे घ्या. पण माझी मशीनं चालूच राहणार. आवाज होतो म्हणून तक्रार चालणार नाही."

बाई पोट धरून हसल्या. "राहू देत चालू," म्हणाल्या. "मला काय फरक पडतो?"

हळूहळू त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. दिवसभर कानाला हेडफोन, परक्या लोकांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची. ते बंद पडल्यावर हा वर्ग, हातोड्यांच्या डोक्यावर. "एक दिवस कारखाना बंद होता," त्या म्हणाल्या. "मुलं म्हणाली, बाई, आज किती शांत वाटतंय. मला रोजच्यासारखंच वाटलं. तेव्हा कळलं." सांगितलं असतं तर मंडळानं त्याच दिवशी विश्रांती दिली असती, आणि मग करणार काय? घरात बोलायला कुणी नाही. वर्गात निदान हात तरी दिसायचे.

धाकटी वसतिगृहात राहायला गेली तो दिवस मला आठवायचा नाही, तरी सांगते. पेटी पत्र्याची, जुन्या वर्गाखालच्या कारखान्यातली. कोपऱ्यावर वळेपर्यंत हात हलवत होती. मी परत दुकानात आले, पुतळ्यावरच्या कोटाला टाचण्या लावायला घेतल्या. घरी दोन ताटं घ्यायची सवय होती, आता एकच घ्यायचं होतं. ते मनात येऊ नये म्हणून एकामागून एक टाचणी लावत होते.

बाई आतून आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "धाकटी गेली," त्या म्हणाल्या. "आता करमणार नाही तुला."

"मला काय धाड भरलीय!" मी टाचण्या दातांत धरूनच म्हटलं, मानसुद्धा वर केली नाही. "उलट सुटले एकदाची. मस्त झालं. कटकट गेली."

तोंडात टाचण्या, मान खाली, बाईंना त्यातला एक शब्द कळायची सोय नव्हती. मला माहीत होतं ते, म्हणूनच तर बोलले. पण कोटावरचा माझा हात तेवढ्यात आपणहून उलटा झाला होता, तळवा खाली, आणि बाई त्याच्याकडेच बघत होत्या.

त्यांनी माझ्या तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून डबीत ठेवल्या आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या.